आठ दिवसांत पारधी

मी शाळेत इतिहास शिकवतो. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला दूरच्या लोकांचं दुःख फार छान सांगता येतं. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना त्यांच्याच जमिनीवरून कसं हुसकावलं, ऑस्ट्रेलियात आयांच्या कुशीतली पोरं उचलून सरकारी शाळांत कशी कोंडली, त्यांच्या तोंडातली बोली कशी काढून घेतली, हे मी इतकं रंगवून सांगतो की मागच्या बाकावरची टवाळ पोरंही गप्प होतात. एकदा एका मुलीनं डोळे पुसत विचारलं, "सर, आईबापांनी मुलं जाऊ कशी दिली?" मी म्हणालो, "सरकारपुढं कुणाचं चालतं, बाळा?" उत्तर बरोबर होतं. फक्त आमच्या घरी त्यासाठी सरकारला यावं लागलं नव्हतं. वडिलांनीच ते काम घरच्या घरी, सरकारचा एक पैसाही खर्च होऊ न देता, उरकून टाकलं होतं.

आम्ही पारधी. हे दोन शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहिले ते वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, आणि तेही मुलीच्या अर्जात.

वडील लासूर स्टेशनच्या आडत बाजारात हमाली करायचे. वस्ती सोडून ते स्टेशनमागच्या खोलीत आले तेव्हा त्यांनी तीन गोष्टी मागं ठेवल्या. देवीचं गाठोडं बहिणीच्या घरी ठेवलं, "सामान नंतर नेतो" म्हणून. आडनाव सोडलं आणि कुणालाही शोभेल असं एक घेतलं. आणि भाषा सोडली. आमची बोली गुजरातीच्या जवळची. ती ऐकली की पोलीस येतो, असा त्यांचा अनुभव होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. माझ्या तोंडून एखादा शब्द निसटला की कानाखाली बसायची. आईवडील मात्र भांडायचे त्याच बोलीत, कुजबुजत. त्यामुळं मला माझ्या मातृभाषेची फक्त भांडणाची चाल येते, शब्द येत नाहीत.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी जात विचारली. वडील म्हणाले, "लिवा कायबी." गुरुजी भले होते. त्यांनी "हिंदू" लिहून पुढची जागा कोरी सोडली. त्या कोऱ्या जागेत मी आरामात बी.एड.पर्यंत गेलो, नोकरीला लागलो आणि शहराच्या उत्तरेला हर्सूलमध्ये दोन खोल्यांचं घरही बांधलं. वास्तुशांतीला आत्या आली होती. वडिलांची धाकटी बहीण, अजून लासूरजवळच्या वस्तीवरच राहते. गच्चीवरून तिनं मध्यवर्ती तुरुंगाची भिंत पाहिली आणि म्हणाली, "आपली माणसं आधी आत राहायची. तू भाईर घर बांधलंस. लई पुढं गेलास लेका."

कॉलनीत आम्ही "मूळचे लासूरकडचे" म्हणून राहिलो. एवढ्या उत्तरावर पहिले दोन प्रश्न भागतात. तिसरा प्रश्न लोक स्वयंपाकघरातून विचारतात, "तुमच्यात मटणाला वाटण कसलं घालतात?" माझी बायकोही आमच्यातलीच आणि माझ्याइतकीच लपलेली. ती म्हणायची, "मी यूट्यूबवर बघून करते." शेजारणी तिला सुगरण समजतात.

अशी बावीस वर्षं सुखात गेली. मग मुलगी बारावी झाली.

तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचं होतं. चौदा पिढ्या तितर धरून खाल्लेल्या घराण्यात ही दयाबुद्धी कुठून आली देव जाणे, पण लहानपणापासून लंगडी कुत्री घरात आणायची. गुण चांगले पडले होते, तरी खुल्या यादीत ती थोडक्यात बाहेर होती. आदिवासींच्या यादीत परभणीच्या सरकारी कॉलेजात सहज आत होती. ती मला म्हणाली, "पप्पा, आपण आहोत ना? मग कागद का नाही?" तिला आठवीत असताना मी एकदा दार लावून सांगितलं होतं की आपण कोण. तिनं ते "आपल्या घरात सगळ्यांना चष्मा आहे" इतक्या सहज ऐकून घेतलं होतं.

आता दाखला काढायचा आणि कॉलनीला कळूही द्यायचं नाही, म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं. पहिल्या महिन्यात मी ते केलं. झेरॉक्सच्या दुकानात कागद उलटे धरून उभा राहायचो. मुलगी एकदा माझ्या हातातून ते सुलटे करून दुकानदाराला म्हणाली, "दोन्ही बाजू मारा, काका." त्यानंतर ती एकटीच जाऊ लागली.

दाखल्याची पडताळणी करणाऱ्या समितीला पन्नास सालाच्या आधीचा पुरावा हवा असतो. तुमचे आजोबा त्या वेळी याच भागात राहत होते आणि त्यांची जात हीच होती, असा कागद. ज्या लोकांना एका गावात तीन दिवसांच्या वर पाल ठोकू दिलं नाही, त्यांच्याकडं सरकार राहत्या पत्त्याचा पुरावा मागतं, यात सरकारचा काही वाईट हेतू नसावा. सरकारच्या आठवणीत आपण कुणाला हाकललं हे राहत नाही, एवढंच. आमच्याकडं सातबारा नव्हता, शाळेचा दाखला नव्हता, जन्माची नोंद नव्हती. शोधता शोधता शेवटी जुन्या दप्तरात एका गावच्या पोलीस पाटलाची वही सापडली. निजामाच्या काळातली, म्हणून उर्दूत.

ती वाचायला आम्ही खुलताबादच्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं गेलो. त्यांना सध्या फुरसत नसते. अख्खा मराठवाडा आपापल्या आजोबाची जात उर्दूतून शोधतो आहे आणि ज्या लिपीकडं काल कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिच्यापुढं आज रांग आहे. मास्तरांनी चष्मा पुसला, आजोबांच्या नावावर बोट ठेवलं, आणि पुढं वाचता वाचता थबकले. मुलीकडं एक नजर टाकून मला हळूच म्हणाले, "सर, इथं कौम पारधी लिहिलंय. पुढं जरायमपेशा आहे. म्हणजे गुन्हा हाच ज्यांचा धंदा. यह लफ्ज तर्जुमे में डालूँ, के छोड़ दूँ?"

"टाका," मी म्हणालो. "तोच तर लागतोय."

वही हजेरीची होती. आमच्या लोकांना रोज दोनदा पाटलाकडं जाऊन हजेरी द्यावी लागायची. त्या पानावर आजोबा गैरहजर होते. समितीच्या खिडकीवरच्या बाबूनं त्यावरही शंका काढली: गैरहजर, म्हणजे त्या गावी नव्हते. मी त्याला माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीच्या अधिकारानं सांगितलं की साहेब, गैरहजर राहायलाही आधी पटावर नाव असावं लागतं. त्यानं थोडा विचार केला आणि कागद घेतला. आजोबा त्या दिवशी पळाले नसते तर बरं, असं मला क्षणभर वाटलं, आणि मग त्या वाटण्याची फार लाज वाटली.

कागद झाले असं समजून आम्ही निवांत झालो, तर पत्र आलं. समितीचं दक्षता पथक आठ दिवसांनी घरी येणार. अर्जदार खरोखर त्या जमातीची आहे का, हे चालीरीती, देव, सण, बोली आणि पारंपरिक व्यवसाय यांवरून तपासणार. कागद खोटा करता येतो, माणूस खोटा करता येत नाही, असा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. पण आमच्या घरातलं माणूसच चाळीस-पंचेचाळीस वर्षं मेहनत घेऊन खोटं केलेलं होतं, त्याचं काय करायचं?

मुलीनं पत्र दोनदा वाचलं. "पप्पा, मला यातलं काहीच येत नाही." मी शिक्षक आहे. मी म्हणालो, "आठ दिवस आहेत. अभ्यास करू."

आत्याला बोलावून घेतलं. ती सत्तरीच्या पुढची, अंगठेबहाद्दर आणि आमच्या खानदानात शिल्लक राहिलेलं एकमेव विद्यापीठ. तिला भाजीला पिशवी द्यावी तसं मी वेळापत्रक दिलं. सकाळी बोली, दुपारी देव, संध्याकाळी लग्नविधी. तिनं ते चुलीतल्या धुरासारखं हातानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "पोरीला माझ्याजवळ बसव. तू शाळंत जा."

संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर आत्या नायलॉनच्या दोरीचा फासा करून माझ्या चपलेला तितर समजून धरत होती. खरा फासा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, पण हर्सूलमध्ये घोडा फक्त वरातीला दिसतो. मग तिनं तोंडापुढं हात धरून तितराची हाक घातली. शेजारच्या जोशीण काकूंनी बाहेर येऊन पाहिलं. मुलगी पोट धरून हसली. रात्री जेवताना आत्या आणि ती आमच्या बोलीत काहीतरी बोलल्या, आणि मी माझ्याच ताटावर परक्यासारखा बसून राहिलो. मला तिचा हेवा वाटला. मला जे शिकल्याबद्दल मार बसायचा, ते तिला परीक्षेला होतं.

तरीही माझा जीव स्वस्थ बसेना. मी प्रश्नोत्तरांची वही काढली. प्रश्न एक, आपली कुलदेवी कोणती. प्रश्न दोन, देवीच्या गाठोड्याला बायका हात का लावत नाहीत. प्रश्न सातपाशी आम्ही अडलो. आपले कुटुंब पारंपरिक व्यवसाय करते का? हो म्हणावं तर तितर धरणं हा आता गुन्हा आहे. नाही म्हणावं तर जमातीशी नातं तुटल्याची नोंद. इकडं आड, तिकडं विहीर. आत्या म्हणाली, "त्यात काय? सांगायचं, येतं पण करत नाय." असलं उत्तर मला बी.एड. असून सुचलं नव्हतं.

पथक बुधवारी सकाळी आलं. पथक म्हणजे साध्या कपड्यांतले एक अधिकारी. मूळचे पोलीस खात्यातले, नेमणुकीवर इकडं आलेले. सोबत खाकीतला एक शिपाई आणि दारात जीप. मी त्यांना बसा म्हणालो. ते माझ्या हाताकडं बघत म्हणाले, "ते ठेवा सर, मी मागितलं नाही." माझ्या हातात शाळेचं ओळखपत्र होतं. मी ते खिशातून कधी काढलं, मला आठवत नाही.

त्यांनी मुलीला समोर बसवलं. तिनं उत्तरं दिली. सगळी बरोबर, सगळी क्रमानं, मध्ये एकदा "याची तीन कारणं आहेत" असंही म्हणाली. देवी, गाठोडं, लग्नात मुलीच्या बापाला द्यायचं देज, फाशाचे प्रकार. बोलीत चार वाक्यंही बोलली. साहेब लिहीत नव्हते, पेन टेबलावर वाजवत होते. ती थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "गाईड कुठलं वापरलं?"

मुलीला वाटलं, झालं, गेलं परभणी. मलाही तेच वाटलं. ज्या मुलीला आम्ही अठरा वर्षं पारधी दिसू दिलं नाही, ती पारधी दिसत नाही म्हणून आज नापास होत होती, आणि पेपर काढणाऱ्यापेक्षा दोष घरच्यांचा होता. मला वडिलांचा राग आला. मग वाटलं, त्या माणसानं दुसरं करायचं तरी काय होतं.

साहेब म्हणाले, "वंशावळीच्या शपथपत्रावर तुमच्या आत्याचा अंगठा आहे. साक्षीदार म्हणून त्या आज इथं हजर राहतील असं लिहिलंय. बोलवा."

तेव्हा लक्षात आलं, स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता. तव्यावर भाकरी तशीच आणि आत्या गायब. बायकोनं गॅस बंद केला. आम्ही बाथरूम पाहिलं, मागची गल्ली पाहिली. शेवटी गच्चीवर गेलो. आत्या पाण्याच्या टाकीमागं उकिडवी बसली होती. चपला हातात धरलेल्या, जिन्यात वाजू नयेत म्हणून. मी म्हणालो, "आत्या, अगं कागदाचे साहेब आहेत." ती म्हणाली, "खाकी हाय ना खाली?" मी म्हणालो, "तो नुसता सोबत आलाय." ती उठली, पण पदर नाकापर्यंत ओढून.

खाली आल्यावर ती भिंतीला लागून उभी राहिली. खुर्ची दिली तर बसली नाही. साहेबांनी नाव विचारलं. आत्यानं नाव सांगितलं. ते तिचं नव्हतं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. साहेबांनी हातातल्या कागदावरचं नाव पाहिलं, मग विचारलं, "गाव?" तिनं सिल्लोडकडचं कुठलं तरी गाव सांगितलं, जिथं आमचं कुणी कधी राहिलं नव्हतं. "ह्यांच्या कोण लागता?" आत्या माझ्याकडं न बघता म्हणाली, "कुणी नाय साहेब. कामाला हाय. भांडी घासती. ह्यांचा माझा कायबी संबंध नाय. माणसं लई चांगली हायेत."

"आजी," मुलगी म्हणाली, "असं काय करतेस?" साहेबांनी हात वर करून तिला थांबवलं.

मी मध्ये पडलो. साहेब, त्या घाबरल्यात, त्यांचं खरं नाव तेच आहे जे कागदावर आहे, मी शपथेवर सांगतो. मला दिसत होतं की शपथपत्र खोटं ठरतंय, साक्षीदार फिरलीय, पोरीचं वर्ष जातंय. आत्या मात्र तशीच उभी. तिला लहानपणी शिकवलेला पहिला धडा तो होता. खाकीला खरं नाव द्यायचं नाही. दिलं की ते वहीत चढतं, आणि तालुक्यात कुठंही कोंबडी गेली तरी त्या नावानं बोलावणं येतं. आणि दुसरा धडा: धरलं तर आपल्या माणसाला ओळख द्यायची नाही. तिनं आमच्यासाठी आम्हाला नाकारलं होतं, माझ्या पगाराच्या घरात, माझ्या सोफ्याशेजारी उभं राहून.

साहेबांनी आता पेन उचललं. पुष्कळ वेळ लिहीत होते. मग आत्याला म्हणाले, "जा आजी, भाकरी करपली असेल." ती गेली. दाराशी ते मला हळू आवाजात म्हणाले, "सर, मी पोलीस ठाण्यात अठरा वर्षं काढली. पाठ करून आलेले माझ्यापुढं रोज बसतात. देव पाठ होतो, गाणी पाठ होतात. हे पाठ होत नाही." ते हे बोलताना हसत नव्हते, आणि त्याबद्दल मी अजून त्यांचा आभारी आहे.

महिनाभरानं अहवालाची प्रत मिळाली. देव, सण, विधी यांविषयी एकच ओळ होती, की अर्जदाराला पुस्तकी माहिती आहे. त्याखाली अख्खा परिच्छेद आत्यावर. सदर वृद्ध महिला शासकीय वाहन पाहून लपून बसली, विचारणा केली असता खोटे नाव व गाव सांगितले, नातेसंबंध नाकारला. सदर वर्तन जमातीच्या वैशिष्ट्यांशी सुसंगत आहे. दावा वैध. आजोबांच्या वेळी आमच्या गुन्ह्याला सरकार धंदा म्हणत होतं. आता आमच्या भीतीला ते परंपरा म्हणतं. एवढ्या वर्षांत प्रगती नाही असं कुणी म्हणू नये.

मुलीनं तो परिच्छेद वाचला आणि म्हणाली, "म्हणजे पप्पा, मी नापास आणि आजी पास." परभणीला जाताना तिनं तो अहवाल नेला नाही, नुसतं प्रमाणपत्र नेलं.

आत्या त्या बुधवारी संध्याकाळीच वस्तीवर निघून गेली होती. फोन उचलत नव्हती. तिचा मुलगा सांगायचा, म्हातारी नीट जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. मुलीला परभणीला सोडून आल्यावरच्या रविवारी मी पेढे घेऊन लासूरला गेलो. ती दारात डाळ निवडत बसली होती. पेढा हातात दिला तरी तिनं तोंडात घातला नाही.

"झालं पोरीचं?" तिनं विचारलं.

"झालं. परभणीला गेलीसुद्धा."

"खरं सांगतोस?" ती माझ्या तोंडाकडं निरखून बघत राहिली. "म्या त्या दिशी चुकीचं बोलले रं. तोंडातून निघून गेलं. महिन्याच्या वर झालं, मला झोप नाय. म्या म्हणलं, माझ्या भ्यायापायी पोरीचं वाटोळं झालं."

मी इतिहासाचा शिक्षक आहे. घडलं ते तसंच सांगायचं, हे मी दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना बजावतो. मी तिच्या सुपातली डाळ चाळवत म्हणालो, "तसं काही नाही आत्या. साहेबांनी लिहिलंय, पोरीला आजीनं सगळं नीट शिकवलंय. तुझ्या भिण्याचा त्यात काही संबंधच आला नाही."